आजी, मोठा श्वास घ्या

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी आम्ही ज्या देहावर शिकतो, तो कधी उलट बोलत नाही. दुसऱ्या वर्षी वॉर्डात पोस्टिंग लागते आणि तिथला देह म्हणतो, ''अगोदर तुमचे हात गरम करा, डाक्टर.'' बरोबरच असतं त्याचं. गार हात लागला की पोट आक्रसतं, आणि आक्रसलेल्या पोटात कुणालाही काहीही लागत नाही.

पण हात लावायच्या आधी हिस्ट्री. नियम सोपा : तक्रारी ज्या क्रमाने सुरू झाल्या त्या क्रमाने, किती दिवसांपासून ते लिहून, रुग्णाच्याच शब्दांत. रुग्णाचे शब्द असे असतात : ''कधीपासून दुखतंय, आजी?'' ''पोळ्याच्या आधी लागलं की.'' मग कागदाच्या कोपऱ्यात पोळ्यापासून आजपर्यंतचे दिवस मोजत बसायचं. गावाकडच्या वॉर्डात स्टेथोस्कोपइतकंच कालनिर्णय लागतं, असं माझं स्पष्ट मत आहे. व्यसनाचं तर विचारूच नका. ''काही व्यसन?'' ''नाही.'' ''तंबाखू?'' ''ती असतेच.'' विडी ओढणाऱ्याचा हिशोब रोजच्या विड्या गुणिले वर्षं असा करतात. काका म्हणतात रोज चार, शेजारी बसलेली काकू म्हणते बंडल. काकूचा आकडा लिहावा.

स्टेथोस्कोप घेतल्यावर पहिला आठवडा तो गळ्यात घालून कॅन्टीनला जाण्यात जातो. कानात घालायची वेळ येते तेव्हा निम्म्यांना सगळी छाती शांत वाटते, कारण कानातली टोकं उलटी बसलेली असतात. कानाची नळी जाते नाकाच्या दिशेने, म्हणून टोकंही पुढे झुकलेली हवीत. उरलेल्यांना प्रत्येक छातीत 'क्रेप्स', म्हणजे आजारी फुप्फुसाची करकर, ऐकू येतात. त्यातली बरीचशी छातीवरच्या केसांची करकर असते. डायफ्रॅम, म्हणजे छातीवर टेकवायची चकती, घट्ट दाबला किंवा केस जरा ओले केले, तर पसरलेला न्यूमोनिया तिथल्या तिथे बरा होतो.

बीपी सगळ्यांना सोपं वाटतं, म्हणून तेच सगळ्यात जास्त चुकतं. कफ, म्हणजे दंडाला बांधायचा हवेचा पट्टा, कोपराच्या घडीच्या दोन-तीन सेंटिमीटर वर, आतली पिशवी दंडाच्या घेराच्या निदान ८० टक्के लांब. जाड दंडाला छोटा कफ बांधला की भल्या माणसाला फुकटचं ब्लडप्रेशर लागतं. आधी मनगटाची नाडी धरून हवा भरायची, नाडी हरवली की त्याच्या वर पाऱ्याचे आणखी ३० मिलिमीटर, मग कोपराशी स्टेथोस्कोप लावून सेकंदाला दोन-तीनच्या वेगाने खाली; आवाज सुरू होतो तो आकडा वरचं बीपी. नाडीची पायरी गाळणाऱ्याला शिक्षा मिळते ती अशी : एखाद्याचं वरचं बीपी खरं २००, पण १८० ते १५० मध्ये आवाज गुप्त होतात. विद्यार्थी अंदाजाने १७० पर्यंत भरतो, शांतता ऐकून खूश होतो आणि १५० लिहितो.

टकटक करून तपासण्याची विद्या ऑएनब्रुगर नावाच्या डॉक्टरने १७६१ साली व्हिएन्नात मांडली. त्याच्या वडिलांची खानावळ होती आणि पिंप वाजवून दारू किती उरली ते बघायची सवय मुलाने छातीला लावली, असं सांगतात. आम्ही ती होस्टेलच्या कपाटांना लावतो. डाव्या हाताचं मधलं बोट छातीला घट्ट टेकवायचं, बाकीची बोटं उचललेली, उजव्या मधल्या बोटाने त्यावर ठोका द्यायचा; ठोका मनगटातून, आणि बोट लगेच वर. नवखा कोपरापासून हात उचलतो आणि नखं कापायची विसरतो. आठवड्याअखेरीला डाव्या बोटावर ओळीने चंद्रकोरी उमटतात.

लिव्हर मात्र प्रामाणिक माणसालाही फसवतं. सगळे बरगडीखालीच चाचपतात. लिव्हर बेंबीपर्यंत वाढलेलं असेल तर हात थेट त्याच्यावरच पडतो, कड लागतच नाही, आणि केसपेपरवर 'पोट मऊ, काही लागत नाही' असं उमटतं. म्हणून गुडघे दुमडायला सांगून सुरुवात उजव्या जांघेच्या जरा वर करायची. श्वास सोडताना हात वर सरकवायचा, घेताना थांबायचं, लिव्हर स्वतः खाली येऊन बोटाला भेटतं. प्लीहाही तिथूनच, फक्त तिरकं डाव्या बरगडीकडे. ती दुप्पट-तिप्पट झाल्याशिवाय हाताला लागतच नाही. जिची लागते त्या आजीकडे परीक्षेच्या मोसमात रांग असते. सातव्या पोरापर्यंत आजी तयार झालेली असते : ''तिथं नाही रं बाळा, अजून खाली. आता मी श्वास घेते, तू थांब.''

मग सरांचा राऊंड. वॉर्डातल्या झाडून सगळ्या केसपेपरांवर नाडी ७२ आणि श्वास १८ असतो. विद्यार्थी बदलतात, आकडे नाहीत. सर काहीच न बोलता खाटेवरच्या काकांचं मनगट धरतात आणि पूर्ण मिनिटभर धरून ठेवतात. एवढा वेळ म्हणजे नाडी अनियमित, हे एव्हाना रेसिडेंटच्या चेहऱ्यावर वाचता येतं. सर दुसऱ्या कुणाला तरी छातीवर ठोके मोजायला लावतात. छातीवर ११०, मनगटावर ८४. बहात्तर कुठेच नाहीत.

''काका, यानं तुमचा हात धरला होता का हो?''

काका एकदा सरांकडे बघतात, एकदा पोराच्या पांढऱ्या ॲप्रनकडे.

''धरला असंल की. माझा जरा डोळा लागला हुता.''