नाथसागराचं हिरवं पाणी उकळून पिता येतं म्हणणारा मेसेज कृपा करून पुढं पाठवू नका

गावोगावच्या ग्रुपवर एक मेसेज लई फिरतोय, की जायकवाडीचं, म्हणजे पैठणच्या धरणामागच्या नाथसागराचं, पाणी हिरवं दिसलं तरी घाबरू नका, ते साधं शेवाळ आहे, तुरटी फिरवा, उकळा अन् बिनधास्त प्या, फ्लेमिंगो येतात म्हणजे पाणी चांगलंच असणार, ढोरं रोज पितात त्यांना काही होत नाही, आणि धरण भरून दरवाजे उघडले की सगळी घाण वाहून जाते. लोकांची भीती जावी म्हणूनच कुणी लिहिलं असेल, पण त्यातला उकळायचा सल्ला थेट धोक्याचा आहे म्हणून आधी तोच घेतो.

उकळल्यावर जंतू मरतात हे खरंय, काविळीसाठी, जुलाबासाठी उकळलंच पाहिजे. पण पाण्यावर हिरवा पेंट सांडल्यासारखी साय येते ती बऱ्याचदा सायनोबॅक्टेरियाची, म्हणजे शेवाळासारख्या दिसणाऱ्या जिवाणूंची असते, त्यातल्या काही जाती मायक्रोसिस्टिन नावाचं विष बनवतात, ते लिव्हरवर जातं आणि उकळून ते मोडत नाही, उलट पेशी फुटून आतलं विष पाण्यात उतरतं आणि पाणी आटलं की जास्तच दाट होतं. 2014 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत लेक एरीकाठच्या टोलेडो शहरात नळाच्या पाण्यात हेच सापडलं तेव्हा तिथल्या लाखो लोकांना स्पष्ट सांगितलं होतं की पिऊ नका आणि उकळू पण नका. तुरटीनं पेशी खाली बसतात, विरघळलेलं विष तसंच राहतं. सगळं हिरवं पाणी विषारी नसतं, मान्य, पण ते डोळ्यानं कळत नाही, लॅबमध्येच कळतं.

फ्लेमिंगोचं म्हणाल तर ते चिखलातले किडे, शेवाळ खायला येतात. मुंबईत ठाण्याच्या खाडीत हजारोंनी उतरतात, ते पाणी कुणी पिईल का? 1986 पासून इथं पक्षी अभयारण्य आहे त्याचा मला पण अभिमान आहे, पण पक्षी म्हणजे पाण्याचं सर्टिफिकेट नाही.

आता वाहून जाण्याचं. हे सगळ्यात जास्त लोकांना पटतं आणि इथंच खरी गडबड आहे. धरणाचे 27 दरवाजे सांडव्यावर आहेत, त्यातून वरवरचं पाणी जातं, तळाचा गाळ जागेवरच. शेवाळाचं खाणं म्हणजे फॉस्फरस, तो त्या गाळातच साठतो, आणि तळाला ऑक्सिजन संपला की गाळातला फॉस्फरस परत पाण्यात सुटतो. त्यात आपलं धरण पसरट, साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास पसारा आणि सरासरी खोली आठेक मीटर, म्हणजे ऊनही भरपूर मिळतं आणि वारं सुटलं की उथळ भागातला गाळ ढवळून निघतो. वरून गोदावरी नाशिकचं सांडपाणी घेऊन येते, प्रवरा नगरकडचं आणते, आणि आपली खाम नदी छत्रपती संभाजीनगर शहराचं मैलापाणी त्याच जलाशयात सोडते जिथून शहर प्यायचं पाणी उचलतं, हे लिहिताना पण वाईट वाटतं. शिवाय पाणी हटलं की बॅकवॉटरला गाळपेर, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पेरणी, होते, तिथं टाकलेलं खत, औषध पुढच्या पावसात पाण्याखाली. शेतकऱ्याला दोष देत नाही, ज्यांच्या जमिनी धरणात गेल्या तेच बरेचसे तिथं पेरतात, पण हिशोबात ते धरावं लागेल. मैलापाणी अडवलं तर फरक पडतो, सिएटलच्या लेक वॉशिंग्टनमध्ये 1963 ते 1968 मध्ये ते वळवलं आणि थोड्याच वर्षांत पाणी नितळ झालं.

राहिली ढोरं. 2020 मध्ये बोत्स्वानात तीनशेवर हत्ती मेले, तिथल्या सरकारनं कारण पाणवठ्यातले सायनोबॅक्टेरियाच सांगितलं. वारं ज्या बाजूला असतं त्या काठाला ही साय जमते, तिथं ढोरं सोडू नका, पोरांना पोहू देऊ नका, आणि नळाला हिरवट, मातकट वासाचं पाणी आलं तर ते चुलीवर ठेवण्याआधी ग्रामपंचायतीला लेखी अर्ज देऊन तपासणीचा रिपोर्ट मागा, त्यात मायक्रोसिस्टिन तपासलंय का तेवढं नक्की बघा.