टोल, संत्रा अन् मढं

काल पुन्हा टोलनाक्यावर आमचा फास्टॅग वाचल्या गेला नाही. बॅलन्स होता, बरं का. स्कॅनरवाला पोरगा म्हणे मागं घ्या, मागं घेतली, म्हणे पुढं घ्या, पुढं घेतली, मागचे ट्रकवाले हॉर्नवर बसलेले. आम्ही अपडाऊनवाले पाचजण पेट्रोल वाटून एका गाडीत कोंबलेलो, अन् बाजूच्या लेनमधून एकटे-एकटे साहेब सुळकन चाललेले.

चिडून मी सांगत होतो की अमेरिकेत गाडीत दोन-तीन माणसं असली की वेगळी लेन मिळते, बऱ्याच ठिकाणी फुकट, एकट्याला त्यातून जायचं तर टोल भरा, अन् सॅन डिएगोला तर १९९८ पासून गर्दी बघून दर काही मिनिटांनी टोल कमीजास्त होतो. तेवढ्यात खिडकीतून संत्र्याची जाळी आत आली, मागून काकाचं डोकं.

"मंग शेजारी बुजगावनं बसवलं तं?"

म्हटलं बसवतात ना, टोपी-गॉगल घालून पुतळे बसवतात, पोलीस पकडतात.

"अन् मढं?"

आता काय सांगू, तेही झालंय! २०१९ मध्ये लास वेगासला एक शववाहिकेवाला त्या लेनमध्ये घुसला, मागं मयत आहे म्हणजे आम्ही दोघं. पोलिसानं सांगितलं जिवंत माणूस लागतो, अन् समज देऊन सोडलं.

काकाला हे फारच लागलं. "काहून? त्याले तं जास्त घाई राह्यते. तिकडं पाहुने ताटकळून राह्यले ना!"

यावर काय बोलणार. आमचे सर, गाडी त्यांची, म्हणाले काका हात काढा, धूळ येते. हात निघाला नाही.

कारपूल म्हणे! आमच्याकडं काळीपिवळीत बारा-चौदा माणसं, एखादी बकरी अन् टपावर कापसाचं गाठोडं जाते, ते काय हौस म्हणून? एसटीचा पत्ता नसतो म्हणून. अन् टोल एकट्या साहेबाच्या कारला जेवढा तेवढाच आमच्या पाचजणांच्या कारला, वरून रांगेत आम्हीच, आत किती डोकी आहेत हे कोणी वाकून तरी पाहते का?

"जाळी कितीले, काका?"

"ऐंशी."

"परवा तर साठ म्हणत होते!"

"रांग पाहा ना सर. तुमीच तं सांगितलं, गर्दीत भाव वाढते म्हनून."

घेतली ऐंशीला, हात तर निघतच नव्हता. मग काका बाजूच्या लेनकडं पळाला, एका एकट्या साहेबाची काच खाली झाली, अन् त्याला तीच जाळी साठला! मी इकडून ओरडलो, हे काय?

"त्याची लेन चालू हाय ना, सर."