उभी केली तेव्हा चालू होती म्हणे!

"उभी केली तेव्हा चालू होती."

जुन्या बस विकणाऱ्यांच्या तोंडून हे वाक्य मी गेल्या सहा वर्षांत इतक्या वेळा ऐकलंय, की आता कुणी नुसतं "उभी" म्हटलं तरी डोक्यात तिडीक जाते. अरे बाबा, चालू होती म्हणूनच तू ती तिथपर्यंत नेऊ शकलास ना! जगातली प्रत्येक भंगार बस उभी केली तेव्हा चालूच होती. शेताच्या टोकाला काय पंख लावून उतरली ती?

बस इंग्लंडमधली. लिंकनशायरमध्ये एका शेताच्या कोपऱ्यात, धान्याच्या जुन्या शेडला टेकून उभी होती. 1961 ची ब्रिस्टल लोडेका, एफएस जातीची डबल डेकर, खाली 27 आणि वर 33 अशी साठ सीटची. तिला पुन्हा चालती करायला आम्ही सहा खुळे दर शनिवारी तिच्यामागे लागलेलो असतो. पाच जण तिथलेच आणि एक मी, नोकरीसाठी आलेला आणि या नादात फसलेला. सहापैकी दोघांच्या घरी हा विषय काढायला बंदी आहे. तिसरं घर कुणाचं, ते सांगत नाही.

लोडेका म्हणजे काय हे ठाऊक नसेल तर माझा राग कळणार नाही, म्हणून थोडं सांगतो. इंग्लंडमध्ये जागोजागी रेल्वेचे बुटके पूल. साधी डबल डेकर साडेचौदा फूट उंच, ती खालून जायची नाही. म्हणून पूर्वी एक विचित्र तोडगा काढला होता. वरच्या मजल्यावरची चालायची वाट एका कडेला घ्यायची, ती खोल करायची आणि उरलेल्या जागेत चौघांचं एकेक लांब बाकडं. खिडकीतल्याला उतरायचं असेल तर तिघांनी उठायचं. आणि त्या खोल वाटेचं पोट खालच्या मजल्यात लोंबायचं, त्यामुळे खाली त्या बाजूला बसलेला माणूस उठताना हमखास डोकं आपटून घ्यायचा. लोकांनी वर्षानुवर्षं टेंगळं सोसली. मग ब्रिस्टल कंपनीच्या इंजिनिअरांनी मागचा ॲक्सलच खाली झुकवला, डिफरन्शियल, म्हणजे चाकांना ताकद वाटून देणारी पेटी, बाजूला सरकवलं आणि खालच्या मजल्याची जमीनच खाली उतरवली. दोन्ही मजल्यांवर मधोमध सरळ वाट, तरी उंची साडेतेरा फूट. पहिला नमुना 1949 चा, शेवटची गाडी 1968 ची.

एक फूट वाचवण्यासाठी एवढी डोकी लढली. आणि ज्याच्या हातात ती बस शेवटी पडली, त्या महाभागाला जाताना वरच्या मजल्यावरची एक झडप लावून घेता आली नाही.

हो, झडप. आमच्या बसला वरच्या पुढच्या काचेत वारा यायला उघडणारी झडप आहे. ती उघडी होती. वीस-बावीस वर्षं. इंग्लंडमध्ये! जिथे पाऊस पाहुण्यासारखा येत नाही, घरजावयासारखा राहतो. पाणी आत आलं, वरच्या फळ्यांत मुरलं, फळ्यांतून खालच्या छतात आणि छतातून खांबांत. पहिल्या दिवशी मी वर चढलो आणि तिसऱ्या सीटजवळ पाय ठेवला तर प्लायवूडने आवाजही केला नाही. भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा पाय सरळ आत. मांडीपर्यंत. खाली उभ्या असलेल्या सहकाऱ्याला छतातून माझा बूट दिसला आणि तो शांतपणे म्हणाला, "म्हणजे इथूनच सुरुवात करू या." हसू आलं नाही मला तेव्हा. आजही फार येत नाही.

ॲल्युमिनियमचा पत्रा आणि आतली लोखंडी पट्टी यांच्यात पाणी गेलं की काय होतं, ते कुठल्याही बसवाल्याला विचारा. दोन धातूंचं आपसात वीजवैर लागतं आणि ॲल्युमिनियम आतल्या आत पांढरं पीठ होऊन झडतं. बाहेरून रंग छान, बोटाने दाबलं की बोट आत. पुढची अख्खी डावी बाजू अशी गेली. एका झडपेपायी. बिजागरीचा स्क्रू पिळायला मला चाळीस सेकंद लागले, मी मुद्दाम मोजले.

पण झडप परवडली. तोटीबद्दल बोलायला लागलो की माझा रक्तदाब वाढतो.

इंजिन गार्डनर सिक्स एलडब्ल्यू. 8.4 लिटर, सहा सिलिंडर, मँचेस्टरजवळ बनलेलं. हे इंजिन बसमध्ये चाललं, ट्रकमध्ये चाललं, मासेमारीच्या बोटींतही चाललं. नीट तेलपाणी केलं तर माणसाला पुरून उरतं. त्याला मारायचा एकच हुकमी उपाय म्हणजे आत पाणी ठेवून त्याला थंडीत सोडायचं. पाण्याचा बर्फ झाला की ते साधारण नऊ टक्के फुगतं. बिडाला फुगता येत नाही, बीड तडकतं. हे शाळेतलं विज्ञान आहे हो! म्हणून खाली पितळेची छोटी तोटी दिलेली असते. हिवाळ्यात गाडी उभी ठेवायची तर तोटी सोडा, पाणी वाहून जाऊ द्या, संपलं.

मी चिखलात ताडपत्री टाकून गाडीखाली शिरलो. तोंडात टॉर्च. वाटलं होतं तोटी गंजून बसली असेल, म्हणून पाना, हातोडी, तेलाची बाटली असा सगळा लवाजमा घेऊन गेलो होतो. दोन बोटांनी धरली आणि सहज फिरवून पाहिली.

फिरली.

दोन बोटांनी फिरली! इतक्या वर्षांनी. आणि आतून एक थेंब नाही, कारण जे होतं ते केव्हाच दुसऱ्या वाटेने निघून गेलं होतं. टॉर्च वर फिरवला तर ब्लॉकच्या कडेला वीतभर चीर. नख फिरवलं तर नख अडकलं. मी तसाच पाठीवर पडून राहिलो. बाहेरून विचारत होते, "काय झालं?" काय सांगणार, बोटभर तोटी फिरवायचा कुणाला कंटाळा आला होता म्हणून इंजिन मेलंय?

गार्डनरचं एक बरं, सहा सिलिंडर तीन-तीनच्या दोन वेगळ्या ब्लॉकमध्ये असतात. एक तडकला तर एक बदलता येतो. तो शोधण्यात दीड वर्ष गेलं. शेवटी बोटीतून काढलेल्या एका इंजिनाचा मिळाला. विकणारा काय म्हणाला असेल? "काढलं तेव्हा चालू होतं."

आणखी एक. हँडब्रेक. बस सपाट जमिनीवर उभी, चाकं मातीत रुतलेली, ढकलली तरी हलणार नाही अशी, आणि साहेबांनी जाताना हँडब्रेक करकचून ओढलेला. मागचे ब्रेक शू ड्रमला असे चिकटले की जणू ओतकामातच जोडून आले. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, त्यामुळे हातोडी घेऊन धडाधड ठोकताही येत नाही आणि धूळ फुंकताही येत नाही. मास्क लावून, ओलं करून, इंचाइंचाने सोडवायचं. पावसात. ट्रेलरवर चढवून न्यावी तर एकूण उंची साडेसोळा फुटांना भिडते, आणि तिकडे ज्या पुलांवर उंचीची पाटी नसते त्यांच्याखाली तेवढीच जागा गृहीत धरलेली असते. म्हणून पुढून उचलून ओढत न्यायची. त्यासाठी आधी मागचे हाफ शाफ्ट, म्हणजे चाकांना फिरवणारे दांडे, काढायचे, नाहीतर गिअरबॉक्स तेलाविना फिरून जळतो. हे सगळं करून बस हलली तेव्हा अंधार पडला होता आणि क्रेनवाल्याचं मीटर हजार पौंडांच्या पुढे गेलं होतं.

आता म्हणाल, असेल बिचारा मालक म्हातारा, विसराळू, जमलं नसेल. मीही पहिले दोन महिने हेच म्हणत होतो. मग नंबरप्लेटचं कळलं.

तिकडे जुन्या, वर्ष न दाखवणाऱ्या नंबरांना भाव असतो. तीन अक्षरं आणि तीन आकडे, कुणाची तरी आद्याक्षरं जुळली की लोक पैसे मोजतात. तर या विसराळू माणसाने बस उभी करण्याआधी तिचा मूळ नंबर रीतसर फॉर्म भरून, फी भरून, कागद जोडून काढून घेतला आणि विकला. कागदावर कागद! सगळं वेळेत, एकही चूक नाही. नंबर हरवला असता, नुसता नोंदीतून गळला असता, तर जुने कागद आणि जुन्या गाड्यांच्या क्लबची शिफारस जोडून परत मागता आला असता. पण एकदा दुसऱ्या गाडीला गेला की गेला. आता आमच्या बसला तिच्या वयाला शोभेल असा कुठला तरी उसना नंबर मिळेल. कुणाच्या तरी चकचकीत मोटारीवर आमच्या बसचं नाव फिरतंय. म्हणजे काम जमत नव्हतं असं नाही. पैसे मिळणारं काम बरोबर जमत होतं.

आणि नातेवाईक! बस मागायला गेलो तेव्हा पुतण्या म्हणाला, "काकांचा जीव होता हो तिच्यावर, दुरुस्त करायचीच होती त्यांना." जीव होता! आत कोंबड्या होत्या, जीव कसला! वर आम्ही रस दाखवला म्हटल्यावर रात्रीत किंमत दुप्पट. काल जी भंगारवाल्याला फुकट द्यायला निघाले होते, ती आज "ऐतिहासिक ठेवा". मार्गाची पाटी, म्हणजे तो गुंडाळणारा कापडी पडदा, तर आधीच कुणी उचकटून नेला होता. असेल आता एखाद्या दिवाणखान्यात फ्रेम करून. त्या घरात येणारे-जाणारे म्हणत असतील, वा, किती जपलंय तुम्ही!

आमच्या शेडवर येणारे बघे वेगळेच. "आत कॅफे का नाही काढत?" काढतो ना, तुमच्या घराची एक भिंत पाडून तिथे आधी काढतो. "टॅक्स माफ असेल ना, मजा आहे तुमची." आहे माफ, चाळीस वर्षांपुढच्या गाडीला असतोच. दहा वर्षांपेक्षा जुने टायर बसच्या पुढच्या चाकांना चालत नाहीत हा 2021 चा नियमही आम्हाला लागू नाही, कारण गाडी चाळीस वर्षांपुढची आहे आणि आम्ही ती भाड्याने फिरवत नाही. पण मग काय, त्या भेगा पडलेल्या टायरांवर सात-आठ टनांचा डोलारा उतारावरून सोडू? नवे घेतले. पैसे कुठून आणले ते घरी सांगितलेलं नाही.

इतकं सगळं लिहायचं कारण गेल्या शनिवारचं. इंजिन बसवून झालं, पाणी भरून दोनदा चालवून पाहिलं. आवाज असा, की आमच्यातल्या सगळ्यात तिरसट माणसाने चहाचा कप खाली ठेवला आणि नुसता ऐकत उभा राहिला. आणि त्याच संध्याकाळी आमच्यातलाच एक जण, सहा वर्षं माझ्याबरोबर गंज खरवडलेला माणूस, म्हणतो, "शेडची जागा रंगकामासाठी हवीय, दोन-तीन आठवडे बाहेर उभी करू या. ताडपत्री नंतर आणू. आता चालू आहे ना, काय होतंय?"

काय होतंय! नोव्हेंबर लागला होता. मी भांडणारच होतो, शब्द तोंडापर्यंत आले होते. पण आधी जिन्याने वर गेलो, झडप लावली, खाली आलो, पुठ्ठा अंथरून गाडीखाली शिरलो आणि तोटी सोडली. कोमट पाणी बाहीतून थेट काखेत गेलं. बाहेर तो अजून विचारत होता, "अरे, पण झालं काय तुला?"