वासरांची लस स्वतःला टोचून घेऊ नका
आपल्या परभणीच्या लॅबवाल्यांच्या ग्रुपवर मेसेज फिरायलाय की ब्रुसेलाचं (गुरांकडून माणसाला आजार देणारा जंतू) सॅम्पल हाताळणाऱ्यांनी वासरांना देतात ती ब्रुसेलाची लस घ्यावी. हे चूक आहे. बाटलीवरच फक्त जनावरांसाठी लिहिलेलंय, ती 4 ते 8 महिन्यांच्या कालवडींना देतात, त्यात जंतू जिवंत असतात, गुरांच्या डॉक्टरांना टोचताना चुकून सुई लागली तरी आजार होऊ शकतो, अन् माणसासाठी लस आपल्याकडं नाहीच.

लॅबमधे हा जंतू श्वासातून जातो, म्हणून जंतू वाढवलेली प्लेट नाकाशी धरून वास घेऊ नका, मी सिनियर लोकांना हे करताना बघितलंय. कल्चर (वाढवलेले जंतू) सेफ्टी कॅबिनेटमधेच, म्हणजे हवा गाळणाऱ्या कपाटातच, उघडा. संपर्क झालाच तर लपवू नका, त्याच दिवशी डॉक्टरला सांगा, गरज वाटली तर ते 21 दिवसांच्या गोळ्या देतात.

तो मेसेज कृपया पुढं पाठवू नका, पाठवला असंल तर डिलीट करा.