सायकल पोलोला पोरं हवीत, तर स्लो सायकलिंगच्या रांगेत बघा

सायकलवर बसून काठीनं बॉल गोलात मारायचा खेळ म्हणजे सायकल पोलो. त्याला नवीन पोरं मिळत नाहीत, हे रडगाणं बेळगावपासून निपाणीपर्यंत एकच. मिळणार कशी ओ? आपण शोधतो कुठं, तर रविवारी पहाटे हायवेवर साठ-सत्तर किलोमीटर मारणाऱ्यांत. त्यांची महागडी सायकल ते काठ्यांच्या टकरीत कशाला घालतील? आणि त्यांचं कसब इथं फारसं उपयोगाचंही नाही. पोलोत वेग दुय्यम. उजव्या हातात मॅलेट (खाली आडवं, नळीसारखं डोकं असलेली काठी), डाव्या हातात हँडल, सायकल जवळपास थांबलेली, तरी पाय जमिनीला लागू द्यायचा नाही. म्हणजे शाळेच्या स्पोर्ट्सला किंवा गणपती मंडळाच्या स्पर्धेत स्लो सायकलिंगला जे पोर सगळ्यांत शेवटी पोचून पहिला नंबर काढतं, ते आपलं.

दुसरं दार हॉकीचं. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकमधल्या सुवर्णविजेत्या संघातले बंडू पाटील बेळगावचेच. हॉकी खेळणाऱ्या मुलामुलींना बॉलवर नजर ठेवायला शिकवावं लागत नाही, फक्त दोन हातांनी काठी धरायची सवय मोडावी लागते. त्याला साधारण तीन-चार रविवार जातात.

आणि घ्यायचं तर आठवीतच घ्या. बारावी झाली की पोर पुण्याला नाहीतर बेंगळुरूला जातंय. अकरावीत आलेला खेळाडू तयार होईस्तोवर स्टँडवर बॅग घेऊन उभा.

हे सगळं सिमेंटवरच्या, तीन-तीन जणांच्या पोलोबद्दल. गवतावरच्या पोलोला भलंमोठं सपाट मैदान लागतं आणि देशपातळीवर तिथं सैन्यदलांच्या संघांचा मोठा दबदबा. आपल्याला शाळेचं बास्केटबॉल कोर्ट किंवा स्केटिंग रिंग पुरे.

पहिल्या दिवशी काय होतं? मूळचा गवतावरचा सायकल पोलो 1891 ला आयर्लंडमध्ये सुरू झाला, 1908 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्याचा प्रदर्शनी सामना झाला, असं वीस मिनिटांचं भाषण. मग जुनी मंडळी खेळतात आणि नवीन पोर कडेला बसून मोबाइल बघतंय. ते पुढच्या रविवारी येत नाही, त्यात त्याची काय चूक? आल्यापासून दहा मिनिटांत त्याच्या मॅलेटला बॉल लागला पाहिजे. आधी नुसती सायकल, एका हातानं आठच्या आकड्यात, पाच मिनिटं. मग मॅलेट देऊन थांबलेला बॉल ढकलत न्यायचा. मग लगेच मॅच, नवीन-जुने मिसळून, पाच-पाच मिनिटांची.

नियमांत एक सूट द्या, एक देऊ नका. पाय टेकला की कोर्टाच्या मध्यावर कडेला जाऊन तिथं मॅलेट टेकवून (टॅप करून) यायचं असतं. पहिले दोन रविवार त्याऐवजी नुसतं तीन आकडे मोजून खेळू द्या. पण गोल मात्र मॅलेटच्या डोक्याच्या टोकाकडच्या गोल तोंडानंच मारलेला धरायचा. आडव्या बाजूनं ढकललेला तो शफल, तो गोल नव्हे. तोल सरावानं आपोआप येतो, पण हाताला शफलची सवय एकदा लागली की सुटत नाही.

सायकल आणायला सांगू नका. तीन सायकली क्लबच्या ठेवा. 2006-07 पासून कर्नाटक सरकारनं आठवीच्या मुलांना सायकली वाटल्या, त्यातल्या एखाद-दोन गावात मागून मिळतील. कॅरियर, स्टँड, बास्केट, घंटी काढून टाका. साइड स्टँड तर पहिल्या वळणालाच अडकतो. मागचं 18 दातांचं फ्रीव्हील काढून 22 चं बसवा, चेनला एखादी कडी वाढवावी लागेल. जड गिअरवर थांबून उठताना जोर लागतो आणि तोल तिथंच जातो. मागचे दोन्ही नट सारखे आवळा, नाहीतर चाक तिरपं ओढलं जाऊन चेन उतरते. आपल्याकडं डावा ब्रेक बहुधा मागच्या चाकाचा, ते नवीन पोराला बरंच: घाबरून दाबला तरी हँडलवरून पुढं पडत नाही. पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी नालीदार प्लास्टिक शीट केबल टायनं बांधा, नाहीतर कुणाचं तरी मॅलेट आऱ्यांत जाणार.

मॅलेट विकत घेऊ नका. डोक्याला उसाच्या रानातला काळा एचडीपीई पाइप, 63 मिलिमीटरचा, 13 सेंटिमीटर कापून. पीव्हीसी नको, तो पहिल्या टकरीत फुटतो. दांडा 16 मिलिमीटरचा अॅल्युमिनियम पाइप, जरा जाड पत्र्याचा. पडद्याचा रॉड वाकतो. डोक्याला वरून भोक पाडायचं ते 15.5 मिलिमीटरचं. डोकं दोन मिनिटं उकळत्या पाण्यात धरून दांडा ठोकून आत बसवा. दांड्याच्या खालच्या टोकात आधी लाकडी खुंटी बसवलेली असावी. डोक्याच्या बुडातून वॉशर लावून स्क्रू त्या खुंटीत. स्क्रूचं डोकं बुडात आत जाऊ द्या, बाहेर राहिलं तर सिमेंटवर घासून संपतं. भोक सैल झालं तर ते लांबट होत जातं आणि एक दिवस डोकं बॉलच्या आधी गोलात. वरच्या टोकाला बूच हवंच हवं, उघडा पाइप म्हणजे गालात गोल छाप. उंची सीटवर बसवून मापा, आठवीच्या पोराला साधारण 80 ते 85 सेंटिमीटर. भोकं नीट पाडून हवी असतील तर बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, कुणीही पाडून देईल. सहा खेळाडूंना नऊ मॅलेट करा.

बॉल टेनिसचा नको, उड्या मारतो. प्लास्टिकचा विंड बॉल चालतो.

कोर्टाला कडा नसल्या तर निम्मा वेळ बॉल आणण्यात जातो. चारी बाजूंनी शक्य नसेल तर दोन टोकांना आणि कोपऱ्यांत सेंटरिंगच्या फळ्या आडव्या उभ्या करा. दहा फुटी फळ्या एका टोकाला दहा, म्हणजे वीस. गोल सहा फुटांचा, दोन कोन ठेवून. जूनपासून सिमेंटवर शेवाळ धरतं, तेव्हा उघड्या कोर्टवर खेळ बंद.

आणि बोर्ड लावाल तो मराठी-कन्नड दोन्हीत लावा. कोर्टवर हाका मारायला तीन शब्द पुरतात: माझा, सोड, मागं. नाहीतर कन्नडमध्ये नंदु, बिडु, हिंदे. आठवड्याभरात निम्मी पोरं "बिडु" ओरडतात आणि निम्मी "सोड", आणि बॉल मात्र दोघंही सोडत नाहीत.