हरली तरी रेटिंग वाढलं पाहिजे, काऊन ते सांगतो

राजेहो, स्क्वॅश हा चार भिंतींच्या आत रॅकेटनं भिंतीवर बॉल मारायचा खेळ आपल्या दारव्हा-दिग्रस पट्ट्यात फार कोणाले माहीत नाही, कोर्ट तर नाहीच नाही. पण माझी भाची नागपूरले होस्टेलवर राहून खेळते अन् तिच्यापायी मी या रेटिंगच्या, म्हणजे खेळाडू किती तगडा हे सांगणाऱ्या आकड्याच्या, हिशोबात पार घुसलो. आता मत पक्कं झालं म्हणून लिहितो. मॅचनंतर रेटिंग बदलताना नुसतं कोण जिंकलं कोण हरलं एवढंच पाहणं हा लहान गावातून आलेल्या पोट्ट्यांवर अन्याय आहे.

जुना हिशोब बुद्धिबळातला. आर्पाद एलो नावाचा अमेरिकेतला फिजिक्सचा प्रोफेसर, त्याची पद्धत फिडेनं, म्हणजे बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेनं, 1970 मध्ये घेतली. दोघांच्या रेटिंगमधला फरक पाहून आधीच अंदाज काढायचा. 1600 वाली अन् 1400 वाली भिडली तर 1400 वालीकडून अपेक्षा फक्त 0.24 ची (जिंकणं म्हणजे 1, हरणं म्हणजे 0). के-फॅक्टर, म्हणजे एका मॅचनं रेटिंग जास्तीत जास्त किती हलन तो आकडा, 20 धरला तर ती जिंकली की 15.2 मिळते, हरली तर 4.8 जाते, अन् हिले जेवढे मिळाले तेवढेच समोरचीचे कटते. वरच्याले हरवलं तर जास्त मिळावं, इथपर्यंत मले पटते.

पण स्क्वॅशचा गेम 11 चा, 10-10 झालं की दोनचा फरक पाहिजे, अन् पाचपैकी तीन गेम. भाची एका बऱ्याच वरच्या पोरीसोबत 11-9, 12-10, 11-9 अशी हरली. दुसऱ्या गेमले 10-8 नं पुढं होती, दोन गेमबॉल हातात, अन् समोरचीनं मागच्या कोपऱ्यात बॉल भिंतीले असे चिकटवले की हिची रॅकेट भिंतीवरच खरडत गेली. त्याच पोरीनं दुसऱ्या एकीले 11-2, 11-3, 11-1 नं उडवलं. एकीचे 34 ले 28, दुसरीचे 33 ले 6, अन् एलोच्या हिशोबात दोन्ही हार सारख्याच, हे कसं चालन?

इंग्लंडातलं स्क्वॅशलेव्हल्स म्हणून स्क्वॅशचं रेटिंग काढणारं आहे ते पॉइंट पाहते, 2000 वाला हा 1000 वाल्याच्या दुप्पट असं धरते, म्हणून तिथं हरूनही लेव्हल वाढू शकते अन् रडतखडत जिंकून घटू शकते. कोणी म्हणन, मोठा खेळाडू कच्च्यासमोर जीव तोडून खेळतच नाही, चार पॉइंट असेच सोडते. बरोबर आहे, पण ते लोकही हे धरूनच हिशोब करते, तेवढ्यासाठी पॉइंट मोजणंच बंद करायची गरज नाही.

याच्यापेक्षा मोठी गोष्ट वेगळीच आहे. एकाच कोर्टवरचे पाच-सहा जण आपसातच खेळत राहिले तर रेटिंग म्हणजे गावातली भिशी, पैसा या हातातून त्या हातात फिरते, वाढत काही नाही. वर्षभर घाम गाळून सगळेच्या सगळे सुधारले तरी आकडे तिथंच! मुंबई-चेन्नईवाले त्या आकड्याकडं पाहून म्हणते, नागपूरकडचे कच्चेच. खेळ कच्चा नाही हो, बाहेरच्यासोबत मॅचच झाली नाही तर आकडा चढन कुठून?

हे माझ्या मनचं नाही. बुद्धिबळात खालचे रेटिंग असेच दबले होते म्हणून फिडेनं मार्च 2024 मध्ये 2000 च्या खालच्या सगळ्याईचे एकदम वाढवले, 1000 वाल्याचं 1400 झालं, 1500 वाल्याचं 1700. अन् आपली नागपूरची दिव्या देशमुख 2025 च्या बुद्धिबळाच्या महिला वर्ल्ड कपले 15 वी सीड होती, म्हणजे सुरुवातीच्या क्रमवारीत पंधरावी, अन् कप घेऊन आली. खेळ पुढं निघून जाते, आकडा मागून येते.

मार्क ग्लिकमनच्या ग्लिको पद्धतीत तर रेटिंगसोबत त्याची खात्री किती हेही मांडते, खूप दिवस मॅच नाही तर खात्री कमी, अन् मग एकेका मॅचनं आकडा जास्त हलते. आपल्याकडं हे पाहिजेच.

हे सगळं लिहायचं कारण, एका शिबिराच्या यादीतून भाचीचं नाव निव्वळ आकडा पाहून कापलं. तिच्या सरांची एक्सेल शीट आहे, त्याईले मी पॉइंटचा कॉलम टाकायले सांगितलं, त्यायनं टाकलाही. यादी बनवणाऱ्याईले माझं एवढंच म्हणणं आहे, आकड्याच्या बाजूले ती पोरगी बाहेरच्या खेळाडूसोबत शेवटची कधी खेळली ते लिहा. खेळलीच नसन तर आधी चार मॅच लावून द्या, मग कापायचं तर कापा.