सोळाव्या दिवसाची गोळी

बेळगावच्या वडगावात आमचा कट्टा म्हणजे मागाच्या बंद खोलीसमोरची दगडी पायरी. शेजारच्या गल्लीत अजून माग चालतात, म्हणून इथं बोलायचं ते मोठ्यानंच. परवा मात्र आप्पांनी सुपारीसाठी खिशातला डबा काढला आणि सगळे गप्प झाले. सुपारीबरोबर डब्यात गोळ्या होत्या. कात्रीनं कापलेले स्ट्रिपचे पाच तुकडे, कशात चार, कशात तीन, कशात एकच.

"दिवसाआड घ्यायलोय," आप्पा म्हणाले. "महिना जरा लांबतो."

बाळू खडेबाजारात मेडिकलात कामाला आहे. तो ताडकन उठला. "आप्पा, ही रक्त पातळ ठेवायची गोळी आहे! हृदयाच्या नळीत स्टेंटची जाळी घातलीय तुमच्या. दिवसाआड घेतली तर आत गुठळी होईल की वो!"

आप्पांना गेल्या वर्षी स्टेंट बसला. कार्डावर बसला, पदरचा पैसा गेला नाही, हे आप्पा स्वतः चारचौघांत सांगतात. मास्तरांनी तोच धागा धरला. कर्नाटकात २०१८ पासून आयुष्मान भारतचं कार्ड आहे, बीपीएल कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार. महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केली. स्टेंटच्या किमतीवरही केंद्रानं २०१७ मध्ये मर्यादा घातली. "आणखी सरकारनं काय करायचं?"

"गोळी द्यायची," मी म्हटलं.

कार्ड आहे ते खाटेसाठी. माणूस दाखल झाला की चालू होतं. आयुष्मान भारतच्या नियमात घरी सोडल्यावर पंधरा दिवसांची औषधं धरलेली आहेत. सोळाव्या दिवसापासून माणूस आणि मेडिकलचं बिल. स्टेंटनंतरच्या गोळ्या महिनोन्महिने चालतात, त्यातली एखादी जन्मभर. बीपी, साखर, थायरॉईड, दमा, फिट यांच्या माणसाला बहुतेक वेळा दाखल व्हायचंच नसतं, त्याला रोजची गोळी हवी असते. ती चुकली की मग तो दाखल होतो आणि तेव्हा कार्ड धावून येतं. ज्याच्या घरात महिन्याचा पगार येतो त्याला हे कधी जाणवत नाही. आठवड्याच्या मजुरीवर घर चालवणाऱ्याला दर शनिवारी जाणवतं. मला याचा राग येतो.

मास्तर हटले नाहीत. "जनऔषधीच्या सरकारी स्वस्त दुकानात जा की. निम्म्याहून कमी पैशात मिळतंय."

"चिठ्ठीवर कंपनीचं नाव असतंय मास्तर," बाळू म्हणाला. "चिठ्ठीवर जे नाव तेच द्यायचं, आमच्या मनानं बदलून देता येत नाही, कायदाच तसा आहे." डॉक्टरांनी औषधाचं मूळ नावच लिहावं असा नियम राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं ऑगस्ट २०२३ मध्ये काढला होता. डॉक्टरांच्या संघटनांनी विरोध केला आणि त्याच महिन्यात तो स्थगित झाला.

"आणि स्वस्तातली गोळी लागू पडती का?" आप्पांनी हळूच विचारलं. हा प्रश्न आमच्या घरोघरी आहे. बाळूनं त्यांना त्यांच्याच डब्यातला तुकडा उलटा करून दाखवला. चंदेरी कागदावर बारीक अक्षरात क्लोपिडोग्रेल ७५ मिलिग्रॅम. औषध हे. वरचं मोठं नाव कंपनीचं.

संतू कणकुंबीकडचा, इतका वेळ ऐकत होता. "तुम्ही दुकानावरून भांडायलाय. आमच्याकडं दुकानच कुठं आहे?" खानापूरच्या जंगलातल्या वाड्यांना पावसाळ्यात वाट नसते. २०२४ च्या पावसात आमगावच्या एका आजारी बाईला गावकऱ्यांनी लाकडी स्ट्रेचरवर घालून चिखलातून चालत ॲम्ब्युलन्सपर्यंत आणलं होतं. संतूच्या आईला साखर आहे. सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट, पण एक खेप म्हणजे एक दिवसाची मजुरी गेली. दोनदा "स्टॉक नाही" ऐकून परत आली, तिसऱ्यांदा गेलीच नाही.

मे २०२५ मध्ये कर्नाटक सरकारनं सरकारी रुग्णालयांच्या आवारातली जनऔषधी केंद्रं बंद करायचा आदेश काढला, त्यावरूनही वाद पेटला. मास्तरांना आदेश पटला होता. आत फुकट मिळतंय तर दारात विकायचं कशाला? मला तत्त्व पटतं. फुकटच मिळायला हवं. पण "स्टॉक नाही" म्हणतात त्या दिवशी दारातलं स्वस्त दुकान हाच गरिबाचा आधार असतो.

"गृह आरोग्य आहे की," मास्तर म्हणाले. घरोघरी जाऊन बीपी-साखर तपासायची आणि औषध द्यायचं, अशी ही राज्याची योजना. संतूनं मान हलवली. "ती आमच्या वाडीपर्यंत दर महिन्याला आली तर मी भांडणार नाही. एकदा येऊन जाण्यानं साखर उतरत नाही."

यावर मास्तर काही बोलले नाहीत. त्यांनी खिशातलं पेन काढून बाळूला दिलं.

बाळूनं कॅलेंडरचं जुनं पान मागवलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर आप्पांच्या गोळ्यांची मूळ नावं मोठ्या मराठी अक्षरांत लिहायला घेतली. सकाळची कुठली, रात्रीची कुठली. पान घेऊन आधी डॉक्टरांकडं जायचं, हीच नावं चिठ्ठीवर मागायची, मग जनऔषधीत. मी बरोबर जाणार आहे. तीन नावं लिहून झाली. उरलेल्या दोन तुकड्यांवर नाव नव्हतं, तारीखही नव्हती. ती कापताना दुसऱ्याच गिऱ्हाइकाकडं गेली होती.